बार बंद राहिला की काउंटरमागच्या माणसाची हजेरीही कापली जाते, त्याबद्दल थोडं

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

14 जुलै 2025 ला राज्यातले बार आणि परमिट रूम एक दिवस बंद होते, आहार या मालकांच्या संघटनेने बंदची हाक दिली होती, आठवत असेल. त्या वेळच्या बातम्या मी सगळ्या नीट वाचल्या. बारमधल्या दारूवरचा व्हॅट आधीच 5 चा 10 टक्के झालेला, लायसन फी 15 टक्क्यांनी वाढलेली आणि त्यावर उत्पादन शुल्क वाढवलं, आता धंदा परवडत नाही असं मालकांचं म्हणणं होतं आणि सरकारला तिजोरीत पैसा पाहिजे होता. दोघांचं म्हणणं छापून आलं, मालकांचे फोटो आले, आकडे आले. पण त्या दिवशी वेटर, हेल्पर, काउंटरवाला, मोरीवर ग्लास धुणारा पोरगा यांचा दिवस भरला का कापला गेला, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण आमच्या लाइनबद्दल पेपरात येतं ते फक्त धाड पडली की, नाहीतर ड्राय डे असला की, त्यामुळे एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी ठाण्यात एका परमिट रूमच्या काउंटरला आहे. आधी मोरी, मग बर्फ-सोडा, मग वेटर, मग काउंटर, असा त्याच क्रमाने आलो, सगळे तसेच येतात. गाव खेड तालुक्यात. गावाकडे अजून सांगताना घरचे "हॉटेलात आहे" असंच सांगतात, बार हा शब्द काढत नाहीत, मुलीचं लग्न जमवताना तर नाहीच नाही. माझ्याबरोबरच्या एका पोराचं ठरलेलं लग्न एवढ्यावरून मोडलं की मुलगा दारूच्या गुत्त्यात काम करतो. तो पोरगा आयुष्यात दारूचा थेंब प्यायलेला नाही, आणि असे आमच्यात भरपूर आहेत हे लोकांना खरं वाटत नाही.

तर बंदचं सांगत होतो. आमच्याकडे पगार म्हणजे हजेरी. दिवस भरला तर पैसे. मालक चांगला असला तर बंदचा दिवस धरतो, नसला तर नाही, आणि विचारायला जायचं कुणाकडे. वर्षाचे ड्राय डे वेगळे, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि इतर. त्यात निवडणूक आली की मतदान संपायच्या आधीचे 48 तास बंद आणि मोजणीच्या दिवशी परत बंद. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला 18 तारखेच्या संध्याकाळपासून 20 च्या संध्याकाळपर्यंत बंद होतं आणि 23 ला निकालाच्या दिवशी पुन्हा. त्याच्या आधी मे महिन्यात लोकसभा झालेली. निवडणुकीत दारू वाटली जाऊ नये हे बरोबरच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण फॅक्टरीतल्या माणसाला मतदानाची सुट्टी भरपगारी मिळते आणि बारवाल्याचा तोच दिवस बिनपगारी जातो, मतदार तर दोघंही आहेत ना.

आणि हे एकेका दिवसाचं झालं. ऑगस्ट 2005 मध्ये डान्सबार बंद केले तेव्हा बोलणं सगळं मुलींबद्दल झालं, त्यांचे हाल झालेच, पण त्याच हॉलमध्ये वेटर होते, कॅप्टन म्हणजे वेटरांचे मुख्य होते, किचनवाले होते, तेही त्याच रात्री रस्त्यावर आले. मग सुप्रीम कोर्टाचा हायवेचा निकाल, डिसेंबर 2016 मध्ये आला, हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे माणसं मरतात, कारण चांगलंच होतं. शेवटपर्यंत बऱ्याच मालकांना वाटत होतं की हे फक्त दुकानांना आहे, बसून पिण्याच्या बारला नाही, आणि 31 मार्च 2017 ला कोर्टाने स्पष्ट केलं की बारलाही आहे, आणि दुसऱ्या दिवशी 1 एप्रिलपासून लागू. एका रात्रीत. मुंबई-गोवा हायवेवर आमच्या भागातली किती तरी पोरं कामाला होती, ती सकाळी बॅगा घेऊन घरी. पुढे काही महिन्यांनी शहराच्या हद्दीत सूट मिळाली, बार उघडले, पण मधल्या महिन्यांचं कुणी काही दिलं नाही. आणि कोरोना तर सगळ्यांनी बघितला. मार्च 2020 ला बंद झालेलं ते 5 ऑक्टोबर 2020 ला निम्म्या खुर्च्यांवर उघडलं. मे महिन्यात दारूची दुकानं उघडली तेव्हा रांगा किती लागल्या त्याचे फोटो छापून आले. बसून प्यायचे बार बंदच होते आणि त्यांच्या काउंटरमागची माणसं गावाला शेतात नाहीतर नाक्यावर भाजी विकत होती.

म्हणजे कोर्ट असो, सरकार असो, मालकांचा बंद असो का रोगाची साथ असो, बार कुणीही बंद केला तरी पहिला पगार आमचा बंद होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आम्ही कामगार आहोत हे कागदावर येऊ द्या आणि ते बारच्या लायसनलाच जोडा. ते कसं, ते पुढे लिहितो. आधी काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं ग्लासात ओतायचं आणि नेऊन द्यायचं.

आमच्याकडे ब्रेक शिफ्ट असते. सकाळी अकराच्या आधी यायचं, फरशी, टेबलं, फ्रीज भरायचा, बर्फाची लादी येते ती फोडायची, गणपतीच्या आणि नित्यानंद स्वामींच्या फोटोला हार-अगरबत्ती, मग दुपारचं गिऱ्हाईक. साडेतीन-चारला ब्रेक. सहा-साडेसहाला परत उभं राहायचं ते बंद होईपर्यंत, रात्री दीड ही वेळ, पण लास्ट ऑर्डर घेऊन, बिलं करून, शेवटचं टेबल उठवून, गल्ला आणि स्टॉक जुळवून निघेपर्यंत अडीच. तोपर्यंत शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास. रोज रिक्षा करायची तर टिप त्यातच जाईल. म्हणून निम्मा स्टाफ हॉलमध्येच झोपतो, टेबलं जोडून, नाहीतर वर माळ्यावर, जिथे रिकामे क्रेट ठेवतात त्याच्या बाजूला. दुपारचा ब्रेक म्हणजे सुट्टी असं मालक धरतात, पण विरार-अंबरनाथला राहणारा माणूस त्या दोन-अडीच तासांत घरी जाऊन येऊ शकत नाही, तो तिथेच कुठे तरी पडून राहतो. म्हणजे सकाळी अकरा ते रात्री अडीच तो माणूस कामाच्याच जागेवर आहे.

भवानी होईपर्यंत उधारी नाही, पहिलं बिल रोखीचं, हा नियम मालक कुठलाही असो सगळीकडे पाळतात. बाटलीचं सील गिऱ्हाइकासमोर तोडायचं. पेग मापानेच ओतायचा, थर्टी नाहीतर सिक्स्टी मिली, आणि माप टेबलावरून दिसलं पाहिजे. जुन्या माणसांनी आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवलं, की गिऱ्हाइकाला एकदा संशय आला की त्याचा पेग कमी आहे, मग तुम्ही कितीही बरोबर द्या, तो परत तुमच्या टेबलला बसत नाही. आणि मालकाच्या बाजूने उलटं. 750 च्या बाटलीत 30 चे 25 पेग बसतात. प्रत्येक पेगला एक मिली जास्त गेला, हात हलला, थेंब बाहेर पडला, की 25 पेगांना 25 मिली, म्हणजे बाटलीमागे जवळजवळ एक पेग शॉर्ट. शनिवारी रात्री अठरा टेबलं ओरडतायत, कुणाला क्वार्टर, कुणाला नाइन्टी, कुणाला बिअर चिल्ड पाहिजे आणि कुणाला नॉर्मल, आणि त्यात तुम्ही एक मिली चुकायचं नाही. रात्री स्टॉक घेताना शॉर्ट निघालं की ते काउंटरवाल्याच्या नावावर, आणि रेट गिऱ्हाइकाचा, मालकाच्या खरेदीचा नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं. ग्लास फुटला तर वेटरच्या नावावर. गिऱ्हाईक बाथरूमला जातो सांगून निघून गेला तर बिल वेटरच्या नावावर. दुकानात चोरी झाली तर सेल्समनच्या पगारातून कापत नाहीत, मग आमच्याच कापायचं कुठल्या कायद्यात आहे?

काही रीती अशा आहेत की त्या कुठे लिहिलेल्या नाहीत पण मोडल्या तर स्टाफमध्ये मान राहत नाही. रोजचं गिऱ्हाईक रस्त्यात बायको-मुलांबरोबर दिसलं तर आपण ओळख दाखवायची नाही. त्याने हाक मारली तरच बोलायचं. कोण कुणाबरोबर आला, काय बोलला, रडला का भांडला, ते त्या टेबलावरच ठेवायचं. एकाने गिऱ्हाइकाला "बस झालं साहेब" म्हटलं की दुसऱ्याने त्याला पेग द्यायचा नाही, मग तो कॅप्टनला बोलवू दे नाहीतर मालकाला. हात थांबवायचे पण प्रकार आहेत, आधी पाणी जास्त ठेवायचं, मग न मागता सूप आणायचं, रिपीट मागितला की "आणतो" म्हणून उशीर करायचा, गाडीची चावी दिसली तर रिक्षा बोलवून द्यायची. हे सगळं आमच्यातले जुने वेटर रोज करतात, त्यासाठी शिव्या खातात, कधी मार पण खातात, आणि त्यामुळे किती लोक त्या रात्री धड घरी पोचले याचा हिशोब कुणी ठेवत नाही. आमच्या इथले एक मामा, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो, ते तर गिऱ्हाइकाच्या घरचा फोन नंबर लक्षात ठेवायचे, कुणाला जास्त झाली तर स्वतः फोन करून मुलाला बोलवून घ्यायचे. पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या, रात्री उभं राहवेना, तेव्हा त्यांनी काम सोडलं. सोडताना हातात काही नाही. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, स्टाफने टिपच्या डब्यातून काढून दिले ते.

टिपचं आता सविस्तर लिहितो कारण त्यात अलीकडे मोठा फरक पडलाय आणि गिऱ्हाइकांना तो माहीत नाहीये. आधी बिल आलं की बडीशेपच्या वाटीबरोबर सुट्टे यायचे, त्यातले दहा-वीस-पन्नास ठेवून लोक उठायचे. ते डब्यात जायचं आणि रात्री नाहीतर आठवड्याला पॉइंटप्रमाणे वाटलं जायचं, कॅप्टनचे पॉइंट जास्त, वेटरचे त्याच्या खाली, हेल्परचे अजून कमी, मोरीवाल्याला पण थोडं. भांडणं व्हायची, एसी सेक्शन कुणाला आणि बाहेरची टेबलं कुणाला यावरून तर रोजच, पण प्रत्येकाच्या हातात काही तरी यायचं. कित्येक ठिकाणी पगारापेक्षा हेच जास्त, आणि कामाला ठेवतानाच मालक सांगतो, "पगार एवढाच, पण टिप चांगली आहे." आता सगळे फोनवर पैसे देतात. जेवढं बिल तेवढेच पैसे, वर एक रुपया नाही, सुट्टे परत यायचा प्रश्नच नाही. आणि ज्याला द्यायची असते तो भला माणूस बिलात पन्नास वाढवून त्याच स्कॅनरवर टाकतो, आणि तो स्कॅनर असतो मालकाच्या खात्याचा. गिऱ्हाइकाला वाटतं वेटरला दिले. काही मालक रात्री हिशोब करून काढून देतात, मी स्वतः असे बघितलेत, त्यांना मानतो. पण बऱ्याच ठिकाणी ते गल्ल्यातच राहतं.

सर्व्हिस चार्जचं पण तसंच. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने सांगितलं की तो आपोआप बिलात लावायचा नाही, मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाचं बरोबर धरलं. ग्राहकाच्या बाजूने हे योग्यच झालं. पण त्या सगळ्या वादात मोठ्या हॉटेलवाले म्हणत होते की हा पैसा स्टाफला जातो. मोठ्या हॉटेलांत जात असेल. आमच्यासारख्या ठिकाणी जिथे जिथे लावत होते तिथल्या पोरांना मी विचारलंय, त्यांना तो दिसला नाही. ग्राहकांना माझी हात जोडून विनंती आहे, वेटरला द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या, रोख नसेल तर त्याचा नंबर विचारून त्याच्या खात्यावर टाका, लाजू नका, त्यालाही लाजवू नका. आणि नावाने हाक मारा. "ए छोटू", "ए पोऱ्या" असं पन्नाशीच्या माणसाला म्हणतात ना तेव्हा फार वाईट वाटतं, तो चेहऱ्यावर दाखवत नाही.

आता पोलिसांचं आणि वयाचं. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला 25 वर्षं पूर्ण पाहिजेत. हे किती गिऱ्हाइकांना माहीत आहे? 23 वर्षांचा नोकरी करणारा मुलगा व्हिस्की मागतो, त्याला आधार कार्ड मागितलं की तो चिडतो, त्याच्याबरोबरचे चार चिडतात, आणि मालक मागून म्हणतो "कशाला विचारतोस, धंदा घालवतोस काय." न विचारता दिलं आणि पकडलं तर सगळ्यात पुढे वेटर आणि मॅनेजर. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला तो अपघात झाला, दोन जीव गेले, तेव्हा अल्पवयीन मुलाला दारू दिली म्हणून मॅनेजर लोकांना अटक झाली. चूक ती चूक, अल्पवयीनाला द्यायचीच नाही, त्यावर माझं दुमत नाही. पण ज्या माणसाने "नाही" म्हणायचं आहे त्याची नोकरी त्या "नाही"मुळे जाणार असेल तर तो कसं म्हणणार? ज्याच्याकडे नेमणुकीचा साधा कागद नाही तो मालकासमोर उभा कसा राहणार? कायदा पाळायची जबाबदारी शेवटी काउंटरमागच्या माणसाच्या हातातून जाते, आणि तोच सगळ्यात कच्चा आहे.

बायकांबद्दल पण दोन ओळी लिहितो. डिसेंबर 2007 मध्ये सुप्रीम कोर्टाने पंजाबचा 1914 चा जुना अबकारी कायदा, दिल्लीतही तोच चालायचा, त्यातलं बायकांना बारमध्ये कामाला ठेवायचं नाही हे कलम रद्द करणारा दिल्ली हायकोर्टाचा निकाल कायम ठेवला. मुंबईत तर शतभी बसूंसारख्या बाई त्याच्या कितीतरी आधीपासून बारमागे उभ्या राहिल्या, त्यांनी बारटेंडिंग शिकवायची संस्था काढली, आज मोठ्या हॉटेलांत मुली उत्तम काम करतात. पण साध्या बारमधल्या बाईला रात्री घरी सोडायची सोय नसते, आणि धाड पडली की टीव्हीवर पहिला कॅमेरा तिच्यावर जातो. तीही ताटं उचलून पोट भरणारी कामगार आहे.

आता कायद्याचं, कारण मालक म्हणतात आमच्या लाइनला कायदाच नाही. आहे. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू आहे. तो आला तेव्हा त्यात होतं, दिवसाला 9 तास, आठवड्याला 48, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला 8 किरकोळ रजा आणि 8 सणाच्या भरपगारी सुट्ट्या. आणि विश्रांती धरून कामाचा पसारा साडेदहा तासांच्या वर जाता कामा नये, मध्ये मध्ये थांबून करायचं काम असेल तरी बारा, असंही त्यात होतं. आता आमची ब्रेक शिफ्ट याच्यात बसवून दाखवा. अकरा ते अडीच हे साडेपंधरा तास होतात. हे कायद्याचं पुस्तक आमच्यातल्या एकाच्या मुलाने, लॉ करतो तो, आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा सगळे गप्प बसले होते, कुणाला माहीतच नव्हतं.

पण हा कायदा पूर्ण लागू होता तो 10 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. आणि सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने बदल मंजूर केला, 10 ऐवजी 20 कामगार, दिवसाचे 9 ऐवजी 10 तास, आणि तिमाहीला ओव्हरटाइमची मर्यादा 125 ची 144 तास. छोट्या दुकानदाराला कागदपत्रांचा त्रास नको म्हणून केलं असं सांगतात. किराणा दुकानापुरतं ते ठीक असेल. पण साधा परमिट रूम बघा, दोन कॅप्टन, सहा-सात वेटर, काउंटरला दोन, किचनला तीन-चार, मोरी आणि हेल्पर, म्हणजे पंधरा-सोळा माणसं. 10 च्या हद्दीत तो कायद्यात होता, 20 च्या हद्दीत तो बाहेर गेला. राज्यातले निम्म्याहून जास्त साधे बार असेच असतील असं माझा अनुभव सांगतो. पीएफला पण 20 माणसंच लागतात, म्हणून कित्येक ठिकाणी हजेरीपुस्तकात कधीच एकोणीसच्या वर नावं चढत नाहीत, बाकीचे "तात्पुरते", दहा-दहा वर्षं तात्पुरते. नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळणार असं सगळीकडे छापून आलं. आमच्या रस्त्यावर एवढे बार आहेत, एकाच्याही हातात ते पत्र आलेलं मी अजून बघितलं नाही.

म्हणून माझी मागणी कामगार खात्याकडे नाही, उत्पादन शुल्क खात्याकडे आहे. कामगार खात्याचा माणूस आमच्याकडे कधी येतो ते आठवत नाही. उत्पादन शुल्कवाले येतात. त्यांच्याकडे ब्रँडवार रजिस्टर असतं, बाटली आली किती, गेली किती, उरली किती, मिलीपर्यंत. त्यांच्याच नियमात नोकरनामा आहे, म्हणजे दारूच्या जागेत कोण नोकर काम करतो त्याचा कागद खात्याने सही करून द्यायचा. म्हणजे सरकारला माहीत आहे, निदान माहीत असायला पाहिजे, की या बारमध्ये कोण कोण उभं आहे. आणि लायसन दरवर्षी 31 मार्चच्या आत रिन्यू करावं लागतं, मोठी फी भरून. तेवढ्यासाठी मालक सगळे कागद जमा करतो, काहीही मागा, देतो.

मग त्याच फाइलमध्ये हे मागा ना. नोकरनाम्यावर जेवढी नावं तेवढ्यांचा वर्षभराचा पगार बँकेतून गेल्याचा कागद. त्यांची नेमणूकपत्रं. आठवड्याच्या सुट्टीचा तक्ता. शॉर्ट आणि फुटलेल्या ग्लासाचे पैसे पगारातून कापत नाही असं लिहून. टिपसाठी टेबलावर वेगळा स्कॅनर, स्टाफच्या खात्याचा. ड्राय डे आणि बंदचा दिवस हजेरीत धरल्याचं. हॉलमध्ये माणसं झोपत असतील तर निदान पंखा, संडास आणि सामान ठेवायला कपाट आहे का ते एकदा येऊन बघणं. हे नसेल तर रिन्यूअल नाही. एक वर्ष जरी कडक केलं तरी राज्यभर फरक पडेल, कारण बारमालकाला कोर्टाची भीती नसते तेवढी लायसनची असते.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणेल तर सरकारने हे आधी एकदा केलेलंच आहे. डान्सबारसाठी 2016 मध्ये कायदा केला त्यात मुलींबरोबर लेखी करार आणि पैसे बँक खात्यात अशी अट घातली होती. जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने त्या कायद्याच्या बऱ्याच अटी उडवल्या, महिन्याचा पगारच पाहिजे ही अट पण उडवली, पण लेखी करार आणि पैसे बँकेत हे राहू दिलं. म्हणजे दारूच्या जागेत काम करणाऱ्याचा पैसा कागदावर आणा असं सरकार सांगू शकतं. मग ते नाचणारीला सांगितलं तसं वेटरला आणि मोरीवाल्याला का नाही?

मालकांवर माझा राग नाही. आमचे शेठ स्वतः उडुपीहून येऊन ग्लास धुत वर आलेत, ते अजून स्टाफच्या पंगतीत बसून तेच वरण-भात खातात. टॅक्स वाढला की त्यांचंही कंबरडं मोडतं, 14 जुलैच्या बंदला त्यांची मागणी खोटी नव्हती. पण परत बंद केलात तर मागण्यांच्या यादीत आमच्यासाठी एक ओळ घाला, एवढं त्यांच्या संघटनेलाही सांगणं आहे.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं हे की या मार्चला रिन्यूअलच्या बातम्या येतील, महसूल किती जमा झाला त्याचा आकडा येईल, तेव्हा उत्पादन शुल्क मंत्र्यांना तुमच्या वार्ताहराने एवढं विचारावं, राज्यात परमिट रूम किती, त्यात नोकरनाम्यावर माणसं किती आणि त्यातल्या कितीजणांचा पगार बँकेत जातो. उत्तर मिळालं तर छापा. नाही मिळालं तरी छापा.

आपला,
एक काउंटरवाला, ठाणे
(माझं नाव आणि बारचं नाव छापू नये ही विनंती, नोकरी चालू आहे)